काळी एकच्या खाली

अण्णा, उद्या माझा पाठ आहे आणि मला भीती वाटते आहे. पाठ म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मागच्या बाकावर परीक्षक बसणार, समोर मुलं, आणि मधे उभी राहून मी शिकवणार. वय पन्नाशीला टेकलं, ज्या मुलींना शिकवलं त्यांच्या मुली आता माझ्या वर्गात येतात, आणि तरी सकाळपासून हीच गत आहे. जेवणं झाली, भांडी झाली, ओटा दोनदा पुसून झाला. आता पुसायला काही उरलं नाही म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर डोळे मिटावे लागतात. पण ही भीती दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही. यांना सांगून पाहिलं. ते रिफायनरीतून पहिली पाळी करून आले होते, बूट काढता काढता म्हणाले, "गाऊन टाक की चार ओळी. कोण तुला फाशी देतंय?" त्यांचं बरोबरच आहे. फाशी कुणी देत नाही.

तुमच्या वेळी शाळेतल्या संगीत शिक्षकाला पेटी वाजवता आली, पंधरा ऑगस्टची गाणी बसवता आली की झालं. आता त्यासाठी पदवीनंतरचा वेगळा अभ्यासक्रम निघाला आहे. शनिवार-रविवारी अलकापुरीच्या मागच्या बाजूला एका इमारतीत आम्ही सगळे शिक्षक जमतो. मुलाला गाणं शिकवायचं नाही, मुलाचं गाणं बाहेर येऊ द्यायचं, असं तिथे शिकवतात. हसू नका. मीही पहिल्या दिवशी मनातल्या मनात हसले होते. पण आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून सरळ सांगितलं, "बेन, आ कोर्स तो करवो ज पडशे. नहीं तो स्मार्ट बोर्ड छे ज." म्हणजे मी पास झाले नाही तर संगीताच्या तासाला भिंतीवरच्या पडद्यावर गाणी लावायची, मुलं त्याच्या मागून गातील, आणि मी गैरहजर शिक्षकांचे तास सांभाळत या वर्गातून त्या वर्गात फिरायचं. बाई वाईट नाहीत. चहा पाजून सांगितलं त्यांनी. पण अर्धा चहा तसाच ठेवून मी उठले.

खरी गोष्ट वेगळीच आहे, अण्णा. मी गात नाही. इतकी वर्षं शाळेत संगीत शिकवते आणि एकाही मुलानं मला गाताना ऐकलेलं नाही. तुम्हाला वाटेल हे कसं शक्य आहे? फार सोपं आहे. पेटी मोठ्यानं वाजवायची. प्रत्येक वर्गात एक-दोन मुली खड्या आवाजाच्या असतातच, त्यांना पुढे बसवायचं, चाल पेटीवर वाजवून दाखवायची, त्या उचलतात, बाकीचा वर्ग त्यांच्या मागून जातो. मी मान हलवते, हातानं ताल देते, ओठ हलवते. कॉलेजात सतार घेतली होती, त्यामुळे तिथेही निभावलं. नोकरीच्या वेळी मुलाखतीत पेटी वाजवली, सतार वाजवली, समितीवरचे लोक खूश झाले. गायला सांगायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. संगीत शिक्षिका गातच असणार, विचारायचं काय त्यात? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी. आणि उद्याच्या पाठाला पेटी नाही. लावलेलं गाणं नाही. मुलांमधून एक आवाज येऊ द्यायचा, तो शिक्षकानं स्वतःच्या गळ्यानं उचलायचा आणि त्याच्यातून सगळ्यांनी मिळून काहीतरी रचायचं, असा नियम आहे. नियम मी पुन्हा पुन्हा वाचला, पळवाट सापडेना.

तुम्ही शिकवायचात त्या वाडीतल्या शाळेचा वरचा हॉल मला अजून जसाच्या तसा दिसतो. गॅदरिंगची तालीम चालू आहे. खिडकीतून खालच्या तांबटाची ठोकठोक वर येते आहे आणि तुम्ही वैतागून एका मुलीला खिडकी लावायला सांगता. घरी मी तुम्हाला अण्णा म्हणते, इथे सर म्हणायचं. तुमच्या पांढऱ्या शर्टाला तपकिरीचा वास. पेटीवर तुमचं बोट नेहमीसारखं पहिल्या काळ्या पट्टीवर, काळी एकवर जातं. तुमचा सा तोच. प्रार्थना त्यात, समूहगीत त्यात, बिदाईचं गाणंही त्यात. शाळेतली झाडून सगळी मुलं काळी एकमध्ये गायची. अंतऱ्यात सूर वर चढतो, पार तार गंधाराला जातो. सगळ्या मुली चढतात. मी चढत नाही. अर्ध्यावरून माझा आवाज फाटतो, खाली येतो आणि खालीच कुठेतरी स्वतःचं काहीतरी गात राहतो. तुम्ही पेटी थांबवता. तुम्ही कधी ओरडला नाहीत, कुणाच्या अंगाला हात लावला नाहीत. फक्त बोटं उचलायचात. भात्यातली हवा संपेपर्यंत सूंऽ असा आवाज येत राहायचा आणि तेवढ्या वेळात सगळ्या हॉलला कळायचं की कुणीतरी चुकलंय. "कोण ते?" तुम्ही विचारता. मग एकेकीला गायला लावता. माझी पाळी येईपर्यंत माझे तळवे घामानं इतके ओले होतात की मी ते परकराला पुसते. मी गाते. तुम्ही माझ्याकडे बघत नाही, पेटीकडे बघता. मग वाकून खोक्यातून झांज काढता आणि माझ्या हातात देता. "तू हे धर. ताल तुझा पक्का आहे."

झांज मिळणं म्हणजे काय हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांचा आवाज मिळत नाही त्यांना झांज. दर वर्षी अशा दोन-तीन मुली असायच्या, त्यांना झांजवाल्या म्हणायचे. त्या वर्षी सरांची मुलगीच झांजवाली झाली. संध्याकाळी घरी आले तर तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलत होता, आई पोळ्या करत होती. तिला कळलं होतंच, पोळाच्या एकमेकांना चिकटलेल्या घरांत कुठली गोष्ट लपते? तव्यावरून नजर न उचलता ती म्हणाली, "एक वेळ गाऊ द्यायचंत की तिला. आपलीच आहे ना." तुम्ही म्हणालात, "आपली आहे म्हणूनच." एवढंच. मग कुकरची शिट्टी झाली आणि तुम्ही सवयीनं पुटपुटलात, "काळी चार." घरात भांडं पडलं तरी तुम्ही त्याचा सूर सांगायचात. पाहुण्यांना त्याचं फार कौतुक, "यांना विचारा, दाराची कडी कुठल्या सुरात वाजते!" मला मात्र त्या कानाची धास्ती होती. ज्या घरात दाराच्या कडीचासुद्धा सूर ऐकला जातो तिथे आपण काय गुणगुणायचं? मी मोरीत पाण्याच्या आवाजाखालीसुद्धा कधी गुणगुणले नाही. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी तुम्ही माझी झांज चिंचेनं घासून लख्ख केलीत, तिला लाल गोंडा बांधलात आणि माझ्या दप्तराशेजारी ठेवलीत. ती अजून आहे माझ्याकडे.

अभ्यासक्रमाचा पहिला दिवस सांगते. आम्हा सगळ्यांना चपला काढून जमिनीवर गोल बसवलं. शिकवणारी बाई म्हणजे केस कापलेली, माझ्या भाचीच्या वयाची पोर. ती म्हणाली, प्रत्येकानं एक आवाज काढायचा आणि शेजारच्याला द्यायचा. शब्द नको, ओळखीचं गाणं नको, फक्त स्वतःचा आवाज. माझ्या बाजूला गोरव्याच्या शाळेतले एक सर बसले होते. त्यांच्याकडे खेळ आणि संगीत दोन्ही विषय, गळ्यात शिट्टीसुद्धा तशीच होती. त्यांनी बिनदिक्कत म्हशीसारखा हंबरडा फोडला, सगळे हसले. आवाज माझ्याकडे सरकत येत होता आणि मी आपली मोजत होते, आता पाच जण राहिले, आता तीन. माझी पाळी आली आणि मी टाळी वाजवली. ती पोर हसून म्हणाली, "बेन, ताळी नहीं, अवाज." मी पुन्हा टाळी वाजवली, जरा निराळी. मग म्हटलं, "सॉरी, पाणी प्यायचंय," आणि उठून बाहेर गेले ती गोल मोडेपर्यंत आत आलेच नाही. बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून दोन्ही हातांनी बेसिन धरलं होतं. बाहेर मोठी माणसं मांजरासारखी, रिक्षासारखी ओरडत होती. आपल्या गळ्यातून काय निघेल याची भीती होतीच, पण काहीच निघणार नाही याची जास्त होती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग काही आठवड्यांनी पट्टीचा दिवस आला. त्या पोरीनं प्रत्येकाला पेटीवर बसवून विचारलं, तुम्ही मुलांना कुठल्या सुरात गायला लावता? मी न बघता काळी एकवर बोट ठेवलं. ती म्हणाली, "आ सा कोनो छे, बेन? तमारो के छोकरांओनो?" हा सा कुणाचा, तुमचा की मुलांचा? अण्णा, तो तुमचा होता. तुमच्या गळ्याला बसणारा, वाडीच्या हॉलमधला सा मी माझ्या वर्गातल्या लहान पोरांच्या गळ्यात कोंबत आले होते. तिनं मग प्रत्येकाला नुसतं 'आ' करायला लावून कुणाचा आवाज कुठे सहज बसतो ते पाहिलं. माझी पाळी आल्यावर तिनं बाकीच्यांना चहाला पाठवलं. तेवढं तिच्या लक्षात आलं होतं. दार लावलं. मी हुंकार दिल्यासारखं काहीतरी केलं, जेमतेम. तिची बोटं पेटीवर डावीकडे डावीकडे सरकत गेली, काळी एकच्या बरीच खाली. "इथे आहात तुम्ही," तिनं मोडक्या मराठीत सांगितलं. "काळी एक तुमच्यासाठी उंच आहे. लहानपणीसुद्धा उंचच असणार."

घरी येताना स्कूटर दोनदा बंद पडली, माझंच लक्ष नव्हतं. म्हणजे मी बेसूर नव्हते? मला चार पट्ट्या खालून सुरुवात करून दिली असती तर मीही त्या गंधारापर्यंत पोचले असते? आधी वाटलं, नाचता येईना अंगण वाकडं, पन्नाशीत काय असली कारणं शोधायची. पण त्यानंतर जो राग आला, अण्णा, तो मी लपवणार नाही. भांडं पडलं तर त्याचा सूर सांगणारा माणूस. कुकर, कडी, तांबटाचा हातोडा, सगळ्यांचा सूर तुम्हाला कळायचा, फक्त पोटच्या पोरीचा नाही कळला? पुढच्या शनिवारी सगळ्यांना आपापल्या लहानपणीचा संगीताचा तास सांगायचा होता. मी झांजेची गोष्ट सांगितली. गोरव्याचे सर "अरेरे" म्हणाले, एका बाईंनी माझा हात धरला, शिकवणारी पोर डोळे पुसत होती. तुम्ही त्या खोलीत खलनायक होऊन गेलात. मला बरं वाटलं. फार दिवसांनी कुणीतरी माझी बाजू घेतली होती.

आता उद्या. तिसरीची दहा-बारा मुलं मिळणार आहेत, माझ्याच शाळेतली. मी सगळी आखणी करून ठेवली होती. मुलांना विचारायचं, सकाळी घरात पहिला आवाज कुठला येतो? त्या आवाजांतून रचना करायची. आणि आतली गंमत अशी की तिसरीत एक मुलगी आहे, गळा नुसता घंटेसारखा. तिला समोरच बसवायचं. जो आवाज येईल तो ती लगेच उचलेल, मी तिच्याबरोबर ओठ हलवीन, हातानं वर-खाली दाखवीन, मागच्या बाकावरून कुणाला काय कळतंय? इतकी वर्षं कळलं नाही. हे लिहिता लिहिता मघाशी फोन वाजला. तिच्या आईचा मेसेज आहे. मुलीला ताप भरलाय, उद्या येणार नाही, सॉरी टीचर. अण्णा, मी तो मेसेज उभ्यानं वाचला आणि तशीच खाली बसले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. इथेच थांबते आता.

पाठ झाला. आज दुपारीच घरी आले, अजून साडीसुद्धा बदलली नाही. काय झालं ते जसंच्या तसं सांगते. सकाळी निघताना तुमची झांज पर्समध्ये टाकली. अगदीच गळा बसला तर तिच्यावर वेळ मारून नेऊ, असा चोरटा विचार होता. परीक्षक अहमदाबादेहून आले होते, जाड चष्मा, नमस्कार केला तर मान हलवून मागच्या बाकावर जाऊन बसले. आमची शिकवणारी पोर त्यांच्या शेजारी. मोठ्या बाईही दारापाशी खुर्ची घेऊन बसल्या, म्हणजे आता उरलंच काय? पेटी नव्हती. समोर मुलं गोल बसलेली, आणि माझा उजवा हात मांडीवर पट्ट्या शोधत होता. ते मलाच मागाहून दिसलं. मी विचारलं, सकाळी पहिला आवाज कुठला? कुणी म्हणालं पप्पांची स्कूटर, कुणी मिक्सर, कुणी कबुतर. मग सगळ्यात मागे बसलेली एक मुलगी, जाड्या घोगऱ्या आवाजाची, एरवी तासाला तोंड न उघडणारी, म्हणाली, "मोटर." कुठली मोटर? "पाण्याची. आमच्या जिन्याखाली आहे." कशी वाजते? तिनं डोळे मिटले आणि खालच्या, खरखरीत सुरात घुमायला लागली. मुलं खिदळली. एकजण म्हणाला, "आ तो भेंस छे!" ही तर म्हैस! तिनं तोंड मिटलं आणि फ्रॉकच्या कडेला बोटं पुसली.

अण्णा, ते बोटं पुसणं माझ्या ओळखीचं होतं. आता मी तो आवाज उचलायचा होता. नियमच होता तो. दाराशी मोठ्या बाई, मागे चष्मा, पर्समध्ये झांज. मी तोंड उघडलं. आधी कफ निघाला. मग काहीतरी फाटकं, हललेलं. मग तो आवाज खाली त्या मोटरीवर जाऊन बसला, आणि तिथे मला जागा होती. जोर लावावा लागला नाही. त्या मुलीनं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत घुमायला लागली. आम्ही दोघी एकाच सुरात घुमत होतो, काळी एकच्या कितीतरी खाली. मी हातानं इतरांना बोलावलं, एकेक करत सगळी मोटर झाली. मला आनंद झाला असं म्हणणार नाही, तेव्हा फक्त भीतीच होती, पण भीतीसकट आवाज येत होता.

मग मुलांनी माझ्या हातातून पाठ काढूनच घेतला. मोटर चालू झाली तर टाकी भरायला हवी. दोघांनी ठरवलं की ते नळ, टपटप टपटप जिभेनं. एकीला आजी व्हायचं होतं, खोकणारी. आणि मघाशी भेंस म्हणणारा तो पोरगा उभा राहून मला म्हणाला, "टीचर, तमे पाणी." मी पाणी व्हायचं. टाकीत वर वर चढणारं पाणी. सगळी मुलं मोटर लावून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. पळायला जागा नव्हती. मी त्या खालच्या सा-वरून निघाले. रे. गंधार. पंचमावर जरा थांबले, खाली मोटर घुमतच होती. पुढे गेले. वरच्या सा-ला पोचले तेव्हा वाडीचा हॉल आठवला, तुमची बोटं आठवली, आणि तरी पाणी चढतंच होतं, कारण मोटर कुणी बंद करेना. तार गंधाराला लागताना आवाज फाटला. अगदी तसाच, जसा तेव्हा फाटायचा. आणि त्याच क्षणी घोगऱ्या आवाजाची ती मुलगी उठून जिवाच्या आकांतानं ओरडली, "पाणी गयुं! मोटर बंद करो!" सगळी मोटर खटकन थांबली. आजी खोकली. टाकी भरून पाणी बाहेर वाहून जात होतं, आणि मुलं हसून हसून एकमेकांवर पडत होती. "फरीथी! फरीथी!" पुन्हा, पुन्हा. आम्ही पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी आवाज फाटेना, तर मुलांनीच तक्रार केली की टीचर, पाणी बरोबर गेलं नाही.

तास संपताना तो पोरगा सगळ्यांसमोर म्हणाला, "टीचर, तमने तो गातां आवडे छे!" गाता येतं की तुम्हाला! केवढ्या आश्चर्यानं. मागे परीक्षकांनी मान वर केली. नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "या मुलांनी तुम्हाला कधी गाताना ऐकलंच नव्हतं?" मी म्हटलं, "नाही. कुणीच ऐकलेलं नाही." त्यांनी ते लिहून घेतलं. चांगलं लिहिलं की वाईट, कोण जाणे. निकाल यायला वेळ आहे, मोठ्या बाई लगेच निघून गेल्या, स्मार्ट बोर्डाच्या माणसाला त्यांनी बोलावून ठेवलंय असं शिपायानं सांगितलं. भीती कमी झालेली नाही, अण्णा. उलट वाढली. पूर्वी एकच भीती होती, सापडण्याची. आता सोमवारी तिसरीचा पहिला तास आहे आणि मुलं मला गायला लावणार.

पण हे सांगायला मी परत लिहायला बसले नाही. घरी येऊन पर्समधून झांज काढली, गोंड्याचा लाल रंग पार विटलाय, आणि ती हातात असताना जे आठवलं ते मी अभ्यासक्रमाच्या त्या खोलीत कुणाला सांगितलं नव्हतं. झांजेची गोष्ट मी तिथे अर्धीच सांगितली होती. तुम्ही झांज हातात ठेवलीत तेव्हा मला रडू आलं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता गावं लागणार नाही, आता कुणी ऐकणार नाही, असं वाटून मी त्या रात्री गाढ झोपले होते. आणि त्यापुढचं वर्ष. पुन्हा गॅदरिंग आलं होतं. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होता, आई डब्यात पोहे काढत होती. तुम्ही पेटी मांडीजवळ ओढलीत आणि माझ्याकडे न बघता काळी एक सोडून खालच्या कुठल्या तरी पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलंत. किती खालची होती ते मला नेमकं आठवत नाही, पण बरीच खालची होती. भाता भरलात. म्हणालात, "या वर्षी गाणं इथून घेऊ या का? बघ बरं, गातेस?"

म्हणजे तुम्हाला ऐकू आलं होतं. वर्षभर लागलं असेल, पण आलं होतं. तो सूर स्वयंपाकघरात थांबून राहिला होता, आई पोह्यांचा डबा तसाच धरून उभी होती, आणि तुम्ही पेटी थांबवत नव्हता. पण अण्णा, मी झांजेसाठी हात पुढे केला.